नामवंत पदवीधर आणि अध्यापकांची सूची कशी करावी : सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी कार्यपद्धती

सोलापूर जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या महाविद्यालयात नामवंत माजी विद्यार्थ्यांची एखादी यादी सापडते. कधी ती प्राचार्यांच्या कक्षाबाहेरील लाकडी फलकावर रंगवलेली असते, कधी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर छापलेली असते, तर कधी नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, पाचव्या निकषासाठी तयार केलेल्या फायलीत लावलेली असते. माजी विद्यार्थी संघटनेच्या कामानिमित्त अशा अनेक याद्या माझ्या हातांखालून गेल्या आणि त्या पडताळताना एक गोष्ट वारंवार दिसली. आधी नाव ठरते आणि मग त्या नावाचे संस्थेशी असलेले नाते शोधले जाते. बहुतेक चुका इथूनच शिरतात. म्हणून या लेखातील पद्धत उलट दिशेने चालते: आधी नाते कागदावर सिद्ध करावे, मग व्यक्तीच्या कर्तृत्वाचा विचार करावा आणि सर्वांत शेवटी नोंद लिहावी.

पदवी नेमकी कोणत्या विद्यापीठाची?

सोलापुरात सूची करणाऱ्याला पहिली अडचण येते ती विद्यापीठाच्या वयाची. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ मार्च २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. जिल्ह्यातली महाविद्यालये मात्र त्याहून कितीतरी जुनी आहेत. दयानंद महाविद्यालयाचे उदाहरण घ्यावे. १९४० साली ते सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाचे काम सुरू झाल्यावर ते पुण्याकडे आले, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा सोलापूर जिल्हा त्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात गेला आणि २००४ नंतर ते आपल्याच जिल्ह्यातील विद्यापीठाशी संलग्न झाले. आवार तेच आणि शहरही तेच, पण पदवीपत्रावरची मोहोर मात्र तीन वेळा बदलली. १९५३ साली निघालेल्या संगमेश्वर महाविद्यालयाने यांपैकी तीन विद्यापीठे पाहिली.

त्यामुळे ‘सोलापुरात शिकले’ या विधानावरून ‘सोलापूर विद्यापीठाचे पदवीधर’ असा निष्कर्ष कधीही काढू नये. सुशीलकुमार शिंदे दयानंद महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आहेत, हे सर्वज्ञात आहे. ते सोलापूर विद्यापीठाचे पदवीधर असणे मात्र कालक्रमानेच अशक्य आहे, कारण विद्यापीठ स्थापन झाले त्या वेळी ते राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर होते. त्यांचे नाव महाविद्यालयाच्या सूचीत अभिमानाने यावे. विद्यापीठाच्या सूचीत ते घालायचे असेल, तर संलग्न महाविद्यालयाचे विद्यापीठस्थापनेपूर्वीचे विद्यार्थी, असा स्वतंत्र भाग करून तेथेच घालावे.

यासाठी माझी सूचना अशी की, प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपल्या महाविद्यालयाचा संलग्नतेचा कालपट लिहून तो भिंतीवर लावावा. कोणते वर्ष कोणत्या विद्यापीठाकडे, कोणती विद्याशाखा केव्हा सुरू झाली, पदव्युत्तर वर्ग केव्हापासून, स्वायत्तता मिळाली असल्यास केव्हा, एवढी माहिती त्यावर असली की निम्मे वाद तिथेच मिटतात. स्वायत्त महाविद्यालय स्वतः परीक्षा घेत असले, तरी पदवी विद्यापीठाचीच असते, हेही त्याच कागदावर नोंदवून ठेवावे. स्थित्यंतराच्या वर्षांत विशेष सावध राहावे. १९४९, १९६२ आणि २००४ यांच्या आगेमागे दोन-तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष पदवीपत्र किंवा त्याची प्रत पाहिल्याशिवाय विद्यापीठाचे नाव लिहू नये.

नावांतील बदलांचाही नियम आधीच ठरवावा. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचे इंग्रजी नाव पूर्वी बॉम्बे असे होते आणि जुन्या इंग्रजी कागदांवर आपले शहर ‘शोलापूर’ असे लिहिलेले आढळते. पदवी घेतली त्या वेळचे नाव आधी आणि आजचे नाव गरज असेल तेथेच पुढे, हा क्रम मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. १९७० साली पदवी घेतलेल्या माणसाच्या नावापुढे २०१९ नंतरचे विद्यापीठाचे नाव लावणे म्हणजे त्याच्या हाती कधी न आलेला कागद त्याच्या नावावर दाखवणे होय.

भूमिपुत्र, विद्यार्थी आणि पदवीधर

दुसरी गफलत मायेपोटी होते. जिल्ह्याचा माणूस मोठा झाला की तो आपल्याच संस्थेचा वाटू लागतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १९१० सालचा. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि दयानंद महाविद्यालय निघण्यापूर्वीच, १९३८ मध्ये, ते चीनला रवाना झाले. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी मराठीतील एम.ए. पुणे विद्यापीठातून केले आणि संज्ञापनाचे शिक्षण अहमदनगरला घेतले. दोघेही सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचे आहेत. पण विद्यापीठाच्या पदवीधरांच्या सूचीत दोघांनाही स्थान नाही. जिल्ह्यातील कर्तृत्ववान व्यक्तींची स्वतंत्र सूची करावीशी वाटली, तर ती जरूर करावी. ते काम तितकेच मोलाचे आहे. फक्त दोन्ही एकत्र करू नयेत.

याच ठिकाणी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका महाविद्यालयाच्या स्मरणिकेत आम्ही एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे नाव पदवीधर म्हणून छापले. वर्गमित्रांनी खात्री दिली होती, जुन्या छायाचित्रात ते दिसतही होते. प्रती बांधून झाल्यावर त्यांचाच दूरध्वनी आला. या आवारात ते केवळ अकरावी आणि बारावी शिकले होते आणि पदवीसाठी दुसऱ्या शहरात गेले होते. प्रत्येक प्रतीत हाताने शुद्धिपत्र चिकटवण्यात आमचे दोन दिवस गेले. तेव्हापासून कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय हा भेद मी पहिल्याच प्रश्नात विचारतो. अकरावी-बारावी हे राज्य मंडळाचे शिक्षण आहे, विद्यापीठाचे नव्हे. मात्र हा भेद सर्व काळाला सारखा लागू होत नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध येण्यापूर्वी अकरावीला मॅट्रिक होऊन विद्यार्थी महाविद्यालयात येत आणि प्री-डिग्रीचे, म्हणजे ज्याला सगळे ‘पी.डी.’ म्हणत त्या वर्गाचे, शिक्षण विद्यापीठाच्या कक्षेत घेत. त्या काळातील एखादी व्यक्ती पी.डी. करून गेली असेल, तर ती विद्यापीठाची विद्यार्थी ठरते, पदवीधर मात्र ठरत नाही. सूचीत ‘विद्यार्थी’ आणि ‘पदवीधर’ असे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरावेत, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

मानद पदवी मिळालेल्यांना पदवीधरांत धरू नये. तो विद्यापीठाने केलेला सन्मान असतो आणि त्याची यादी वेगळी असते. वैद्यकीय पदव्यांबाबत तर प्रश्न आणखी सरळ आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले, तेव्हापासून ते शिवाजी विद्यापीठाकडे होते आणि १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाल्यावर राज्यातील वैद्यकीय शिक्षण तिकडे गेले. म्हणून सोलापूर विद्यापीठाचा एम.बी.बी.एस. पदवीधर असा कोणी असूच शकत नाही. यादीत तसा उल्लेख दिसला, तर अधिक शोध न घेता तो बाजूला काढावा.

कागद कोठे शोधावेत

महाविद्यालयातील सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, प्रवेशाची तारीख, वर्ग आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा तपशील असतो. कार्यालयातील लिपिकांना विश्वासात घेऊन, प्राचार्यांची लेखी परवानगी काढून आणि त्यांच्याच देखरेखीखाली ते पाहावे. त्यातील जन्मतारीख, जात, पत्ता यांसारखा तपशील आपल्याला हवा नसतो, तेव्हा तो टिपून घेऊ नये आणि पानांची छायाचित्रेही काढू नयेत. रजिस्टरमुळे प्रवेश सिद्ध होतो, पदवी सिद्ध होत नाही. पदवीसाठी विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभांच्या पुस्तिका पाहाव्या लागतात. पीएच.डी. मिळालेल्यांची आणि सुवर्णपदक विजेत्यांची नावे त्यांत असतात. १९६२ ते २००४ या काळासाठी कोल्हापूरला पत्रव्यवहार करणे अपरिहार्य आहे आणि तो महाविद्यालयाच्या पत्रशीर्षावर केला तर उत्तर लवकर मिळते, असा अनुभव आहे.

पीएच.डी.साठी आता ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ फार उपयोगी पडते. प्रबंधाच्या पहिल्या पानांवर विद्यापीठ, मार्गदर्शक, विभाग किंवा संशोधन केंद्र आणि वर्ष एवढे सगळे एकत्र मिळते आणि त्यातून पदवीधर व अध्यापक या दोन्ही बाजूंची नोंद एकाच वेळी पक्की होते. तिथे शोधताना रोमन लिपीतील नावाची तीन-चार स्पेलिंगे करून पाहावीत. प्रबंध तिथे सापडला नाही, म्हणून पदवीच नाही असे समजू नये. जुने प्रबंध अनेकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयातच असतात.

विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि त्या निवडणुकीसाठी मतदारयादी प्रसिद्ध होते. ही यादी सुगावा म्हणून उत्तम आहे. ती अपुरी असते, कारण नोंदणीचा अर्ज ज्यांनी भरला त्यांचीच नावे तिच्यात येतात. नाव नसण्याला काहीही अर्थ देऊ नये.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग अनेकांना पहिल्यांदा सुचतो. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, सगळे सोपे वाटते. परंतु हयात व्यक्तीच्या गुणपत्रिकेची किंवा पदवीची माहिती वैयक्तिक म्हणून नाकारली जाऊ शकते आणि ज्यांचा गौरव करायचा त्यांच्याबद्दल चौकशीचा अर्ज गेला, ही गोष्ट त्यांच्या कानावर गेल्यास मन दुखावते. त्यांना थेट पत्र लिहून पदवीपत्राची प्रत मागणे अधिक सुसंस्कृत आहे आणि बहुतेक जण ती आनंदाने देतात.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या कामातला खरा आनंद तिथे आहे. साठच्या दशकातला एक अंक मी एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पाहिला. मधल्या पिना गंजून कागदावर तपकिरी डाग पडले होते, मुखपृष्ठ निराळे झाले होते आणि मधोमध जाड गुळगुळीत कागदावर वाङ्मय मंडळाचे छायाचित्र होते. खाली बारीक अक्षरात ‘बसलेल्या (डावीकडून)’ असे लिहून पाच नावे दिली होती, पैकी तीन ‘कु.’ होत्या. त्या तीन कुमारिकांची नावे पुढच्या कोणत्याही यादीत नव्हती. मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन त्याच तुकडीतल्या, आता ऐंशीच्या घरात असलेल्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, अंगठ्याचे नख एकेका चेहऱ्याखाली ठेवले आणि माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, नोकरी असे सगळे सांगत गेल्या. त्यांपैकी एक पुढे प्राध्यापक होऊन दुसऱ्या विद्यापीठात विभागप्रमुख झाल्या होत्या, आणि त्यांच्या मूळ महाविद्यालयाला याचा पत्ताही नव्हता, कारण तिथल्या फायलीत त्या माहेरच्या नावाने होत्या आणि जगात सासरच्या.

स्त्रियांची नावे अशीच गळतात. त्यामुळे प्रत्येक पदवीधर स्त्रीच्या नोंदीत दोन्ही नावांसाठी जागा ठेवावी आणि १९५० ते १९८० या काळातील वार्षिकांक, क्रीडा-विभागाचे चषकविजेते, वक्तृत्व स्पर्धांचे निकाल आणि वसतिगृहाच्या नोंदी यांतून ‘कु.’ असलेली नावे वेगळी काढून त्यांचा स्वतंत्र माग काढावा. माझ्या मते संपूर्ण कामाच्या वेळेतील चौथा हिस्सा याला द्यावा. मिळणारी नावे संख्येने थोडी असतील, पण ती पूर्वी कोणीच नोंदवलेली नसतात.

स्थानिक दैनिकांच्या जुन्या फायलींचा उपयोग मर्यादित असला तरी आहे. निकाल त्यांत बैठक क्रमांकांनी छापले जात, तेव्हा त्यांतून नाव सापडत नाही. पण पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्यांच्या बातम्या, सत्कार आणि निधनवार्ता सापडतात. निधनवार्तेतील शैक्षणिक माहिती कुटुंबीयांच्या आठवणीवर आधारलेली असते, एवढे लक्षात ठेवावे.

चार भाषांच्या शहरातील नावे

सोलापूरच्या सूचीत नावांचा प्रश्न अन्य जिल्ह्यांपेक्षा अधिक नाजूक आहे. गिरण्या आणि हातमाग यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरोघरी बोलली जाते आणि प्रत्येक भाषेची नाव लिहिण्याची रीत निराळी आहे. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर आधी येते. महाविद्यालयाच्या नोंदीत तेच मराठी पद्धतीने शेवटी जाते. काही लिंगायत कुटुंबांतील नावांत मठाचे किंवा गावाचे नाव आडनावासारखे येते आणि ‘स्वामी’, ‘मठ’, ‘हिरेमठ’ यांत फेरफार होतो. उर्दू नावे देवनागरीत आणताना कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते, त्यामुळे एकाच व्यक्तीचे नाव पहिल्या वर्षाला एक आणि तिसऱ्या वर्षाला दुसरे आढळते.

अशा वेळी व्यक्ती स्वतः जे नाव लिहिते किंवा लिहीत असे तेच मुख्य नोंदीसाठी घ्यावे आणि इतर रूपे ‘पाहा’ या खुणेने जोडावीत. वर्णक्रम लावताना आडनाव आधी ठेवावे, पण ज्यांच्या घरात आडनावाची रीतच नाही त्यांना ओढूनताणून आडनाव देऊ नये. क्ष आणि ज्ञ कोठे धरायचे, अनुस्वारयुक्त अक्षर आधी की नंतर, हे सूचीच्या पहिल्या पानावर एकदा सांगून टाकावे. संगणकाने लावलेला क्रम डोळे झाकून स्वीकारू नये.

अध्यापकांची नोंद

अध्यापकांच्या बाबतीत आपल्याकडची बोली आड येते. महाविद्यालयात शिकवणारा प्रत्येक जण लोकांच्या तोंडी ‘प्राध्यापक’ असतो आणि नावाआधी ‘प्रा.’ लागते. पदाची अधिकृत उतरंड मात्र निराळी होती आणि बदललीही आहे: पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीनंतर सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. नोंदीत नेमणुकीच्या वेळचे अधिकृत पद लिहावे आणि खात्री नसेल तेथे ‘अध्यापक’ हा निर्मळ शब्द वापरावा. तो कोणालाही कमी करीत नाही.

त्याहून महत्त्वाचा भेद विद्यापीठाच्या विभागातील अध्यापक आणि संलग्न महाविद्यालयातील अध्यापक यांच्यातला. मराठीचे समीक्षक गो. मा. पवार यांना २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते सोलापूरकर म्हणून आपल्याला परिचित असले, तरी विभागप्रमुख होते ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील मराठी विभागाचे. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. निर्मलकुमार फडकुले यांनी संगमेश्वर महाविद्यालयात मराठी शिकवले आणि आज शहरातील एका सभागृहाला त्यांचे नाव आहे. पहिले नाव दुसऱ्या विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात जाते, तर दुसरे आपल्या संलग्न महाविद्यालयाच्या. दोन्ही नावे एकाच रकान्यात ‘सोलापूर विद्यापीठाचे प्राध्यापक’ म्हणून टाकली, तर दोघांच्याही कारकिर्दीचे चित्र चुकते.

कुलगुरूंचे पद याहून वेगळे. डॉ. इरेश स्वामी हे सोलापूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू; त्यांच्यानंतर डॉ. बाबासाहेब बंडगर, डॉ. एन. एन. मालदार, डॉ. मृणालिनी फडणवीस आणि डॉ. प्रकाश महानवर यांनी ही जबाबदारी सांभाळली. कुलगुरूपद भूषविलेली व्यक्ती त्या विद्यापीठाची पदवीधर किंवा तिथली अध्यापक असेलच असे नाही. म्हणून कुलगुरूंची यादी वेगळी द्यावी आणि ज्यांचे अध्यापनाचे नातेही सिद्ध होते त्यांनाच अध्यापकांत पुन्हा घ्यावे. प्रभारी कालावधी आणि पूर्ण मुदतीची नेमणूक हेही स्पष्ट करावे.

तासिका तत्त्वावर काम केलेल्या, अतिथी व्याख्याता म्हणून आलेल्या आणि मानद पदावर असलेल्या व्यक्तींबद्दल मतभेद होतात. एखादे व्याख्यान देऊन गेलेल्या विद्वानाला अध्यापकवर्गात घेणे चूक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवून ज्यांनी विद्यार्थी घडवले, त्यांना केवळ नेमणूकपत्राच्या स्वरूपामुळे वगळणे अन्यायाचे आहे. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष प्रत्यक्ष अध्यापन केले असल्यास आणि त्याला वेळापत्रक, मानधनपत्रक किंवा विभागाच्या अहवालाचा आधार असल्यास त्यांचे नाव घ्यावे आणि नेमणुकीचा प्रकार लिहावा.

नामवंत कोणाला म्हणावे

येथे सूचीकर्त्याचा स्वतःचा विवेक लागतो आणि संस्थेचे दडपणही येते. मी वापरतो ती कसोटी अशी: व्यक्तीच्या कामाची दखल तिच्या स्वतःच्या संस्थेबाहेरच्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन ठिकाणी घेतली गेलेली असावी. पद्म पुरस्कार, साहित्य अकादमी, सरस्वती सन्मान, शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार यांच्या याद्या जाहीर आहेत आणि पडताळता येतात. विधानसभा किंवा लोकसभेचे सदस्यत्व निवडणूक आयोगाच्या नोंदीत मिळते. ‘राष्ट्रीय पुरस्कार’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कोणी दिला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण शुल्क घेऊन सन्मानपत्र देणाऱ्या खासगी संस्थाही हाच शब्द वापरतात.

पण पुरस्कारांवरच सगळे बेतले, तर सूची एकांगी होते. राजकारणी, लेखक आणि खेळाडू भरपूर दिसतात. मूलभूत संशोधन करणारे, ग्रामीण भागात रुग्णालय चालवणारे, न्यायदानात असलेले आणि उत्तम शिकवणारे लोक दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पुरावा निराळा शोधावा लागतो: संशोधनपत्रिकांतील लेखन, पेटंट, अभ्यासक्रमाला लागलेले पाठ्यपुस्तक, त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध. पंढरपूर, बार्शी, अकलूज, सांगोला, करमाळा येथील महाविद्यालयांतली नावे शहरातील समितीच्या डोळ्यांआड राहतात, म्हणून समितीत तालुक्यांतले दोन-तीन जण पहिल्या दिवसापासून असावेत.

राजकीय व्यक्तींच्या नोंदी एका मापाने लिहाव्यात. पद, कालावधी, शिक्षण, एवढेच. एकाला ‘लोकनेते’ आणि दुसऱ्याला नुसते नाव, असे झाले की सूचीवरचा विश्वास त्या ओळीत संपतो. ‘ख्यातनाम’, ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे’, ‘अष्टपैलू’ ही विशेषणे सरसकट काढून टाकावीत.

नोंद कशी लिहावी

एक नमुना पाहू. ‘लिंबाळे, शरणकुमार (जन्म १९५६, हन्नूर, ता. अक्कलकोट). लेखक. शिवाजी विद्यापीठाचे मराठी विषयातील एम.ए. आणि पीएच.डी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात अध्यापन. सरस्वती सन्मान, २०२०.’ चार ओळींत जन्मस्थान, पदवी, पदवी देणारे विद्यापीठ, अध्यापनाचे स्थान आणि सन्मान एवढे आले, आणि कोणती गोष्ट कोणत्या संस्थेशी जोडलेली आहे याबद्दल वाचकाला संभ्रम राहिला नाही. हीच नोंद ‘सोलापूर जिल्ह्यातील, अन्य विद्यापीठांचे पदवीधर’ या भागात जाईल. तिच्यासोबत समितीच्या वहीत मात्र आणखी तीन गोष्टी असाव्यात: कोणता कागद पाहिला, तो कोणी पाहिला आणि कोणत्या तारखेला. छापील सूचीत या गोष्टी येत नाहीत. पण दहा वर्षांनी कोणी शंका घेतली, तर उत्तर त्या वहीतच असते.

हयात व्यक्तीला तिची नोंद छापण्यापूर्वी पाठवावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. दूरध्वनी, पत्ता, कौटुंबिक तपशील छापू नयेत. ज्यांना सूचीत यायचे नाही त्यांचा नकार मान्य करावा. दिवंगतांच्या बाबतीत ‘कै.’ ऐवजी जन्म आणि मृत्यूची वर्षे द्यावीत, कारण वर्षांनी माहितीही मिळते आणि आदरही राखला जातो. पुराव्यावाचून अडलेली नावे फेकून देऊ नयेत. ती ‘पडताळणी बाकी’ या वेगळ्या वहीत ठेवावीत आणि दर जूनमध्ये, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना, ती वही पुन्हा उघडावी.

सूची तयार झाल्यावर तिच्या तीन प्रती काढाव्यात: एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक केगावच्या आवारात विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि एक शहरातील सार्वजनिक वाचनालयात. प्रत्येक प्रतीच्या शेवटी दोन कोरी पाने बांधून घ्यावीत आणि त्यांवर ‘दुरुस्त्या’ असे शीर्षक लिहावे. ग्रंथपालांना सांगून ठेवावे की, वाचकाने दाखवलेली चूक तारीख टाकून तिथेच नोंदवून घ्यावी आणि त्या पानाचे छायाचित्र समितीकडे पाठवावे.